दूधगंगा ओलांडताना

एम. ए. मराठीच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला परीक्षेत एकदा तरी 'कुवलयमाला' हे नाव लिहावं लागतं. इ. स. ७७९ मध्ये उद्योतनसूरी या जैन मुनीनं राजस्थानातल्या जालोरला प्राकृतात ही कथा रचली. तिच्यात एका बाजारपेठेचं वर्णन येतं. देशोदेशीचे लोक तिथं भेटतात, आपापल्या बोलीत बोलतात, आणि त्यांत मरहट्टेही आहेत. मराठीचा इतिहास सांगणारी पुस्तकं या उल्लेखापाशी हमखास थांबतात. आम्हीही थांबलो, टिपण घेतलं, पुढं गेलो.

पुढं गेल्यावर मला कळलं की या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी सिद्ध केली ते डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे. त्यांनी संपादलेला मूळ पाठ १९५९ मध्ये छापून आला. उपाध्यांचा जन्म १९०६ चा, सदलग्याचा. सदलगा म्हणजे आजच्या कर्नाटकातलं, चिकोडी भागातलं, दूधगंगेच्या काठचं गाव. १९६७ साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी बोलणाऱ्या माणसांचा इतका जुना उल्लेख ज्या ग्रंथात सापडतो, त्याचा शुद्ध पाठ एका कन्नडभाषक घरातल्या माणसानं कोल्हापुरात बसून तयार केला.

माझ्या आज्जीचं माहेर त्याच सदलग्याच्या शिवारातलं.

माझं एम. ए. कागदोपत्री मराठीचं. शिवाजी विद्यापीठात २०२३ ते २०२५ अशी दोन वर्षं ते केलं. त्याआधी डी. एड. झालं होतं, बी. ए. झालं होतं, शिक्षक भरतीची वाट बघत गावात शिकवण्या घेत होते. एम. ए.ला नाव घातलं तेव्हा घरच्यांचा आणि माझा हिशेब एवढाच होता की सेट-नेटची दारं तरी उघडतील. पण या दोन वर्षांत मी जे शिकले त्याला कुठलं नाव द्यायचं तर ते प्रदेशाच्या अभ्यासाचं द्यावं लागेल. आपण राहतो तो मुलूख म्हणजे काय, तो कुठं सुरू होतो, कशानं बांधला जातो, हे प्रश्न विचारण्याची रीत मला इथं मिळाली.

सुरुवात संशोधन प्रकल्पापासून झाली. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर एम. ए.ला प्रकल्प आला आणि विषय निवडायची वेळ आली. बहुतेकांनी एखादा कादंबरीकार घेतला. मी सांगितलं, मला आमच्या काठावरच्या बायकांची गाणी घ्यायची आहेत. जात्यावरची, पाळण्याची, लग्नातली. शिरोळ तालुक्याच्या दक्षिण टोकाला दूधगंगेच्या काठानं जी गावं आहेत तिथं ही गाणी दोन्ही भाषांत म्हणतात. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "तुला कन्नड येतं?"

"समजतं."

"समजतं म्हणजे कुठवर?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आमच्या घरात आज्जी कन्नड बोलायची. तिच्या जावांशी, माहेरच्या माणसांशी, म्हशीशी. पैसे मोजताना तर नेहमीच. वडील तिला मराठीत उत्तर द्यायचे. आम्ही नातवंडं जेवणातले शब्द आणि रागावल्यावरचे शब्द तेवढे ओळखायचो. शाळा मराठी, बाजार मराठी, टीव्ही मराठी. एका घरातून एक भाषा कशी निघून जाते हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं, पण तेव्हा ते काही घडतंय असं वाटलंच नव्हतं. भांडण नाही, बंदी नाही, कुणाचं काही चुकलं असंही नाही. पुढच्या पिढीनं उत्तर द्यायची भाषा बदलली, एवढंच.

मॅडमनी सांगितलं, आधी लिपी शीक. माझ्या वाट्याला आलेल्या विषयांत कन्नड नव्हतं, त्यामुळं शिक्षक घरातच शोधावा लागला. आज्जी सदलग्याकडच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. तिच्याकडं स्तोत्रांचं एक जुनं कन्नड पुस्तक आहे, ती ते बोट ठेवून वाचते. त्या पुस्तकावर आम्ही बसलो. आमच्या जोडाक्षरात अर्धं अक्षर आधी येतं. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या पायाशी लोंबतं. हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि आज्जीला ते समजावता येईना, कारण तिला त्यात समजावण्यासारखं काही दिसतच नव्हतं. "आसंच आसतंय ते. बघ की," म्हणायची. मी बघत राहिले आणि हळूहळू दिसायला लागलं.

आज्जी नवरी होऊन आली ती १९५६ च्या आधी. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं होतं आणि बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता. म्हणजे तिनं नदी ओलांडली तेव्हा दोन्ही तीर एकाच राज्यात होते. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि तिचं माहेर दुसऱ्या राज्यात पडलं. ती जागची हलली नव्हती. सरहद्द तिच्या मागून आली.

या काठावरच्या हद्दी अशा मागून येणाऱ्याच आहेत. संस्थानाच्या काळात रायबाग आणि कटकोळ हे दूरचे मुलूखही कोल्हापूरचे होते. मधे ब्रिटिशांचा बेळगाव जिल्हा, पलीकडं पुन्हा करवीर सरकारचा अंमल. आज ते दोन्ही कर्नाटकात आहेत. उलट चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, ते कोल्हापूरकडं आलं. जुने नकाशे काढून बसलं की आपण ज्याला 'आपला जिल्हा' म्हणतो त्याचं वय लक्षात येतं. आमच्या घरातल्या पितळी घागरी त्याच्याहून जुन्या आहेत.

विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात मी खूप वेळ काढला. तिथल्या वाचनानं मला जे दिलं त्यात सगळ्यांत वर ठेवते ती गोष्ट ही, की या प्रश्नावर काम करणारी माणसं माझ्याआधी याच शहरात होऊन गेली आहेत. राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणारे प्रा. के. जी. कुंदणगार यांनी उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थान यांतले शिलालेख एकत्र गोळा करून १९३९ साली प्रसिद्ध केले. दोन्ही प्रदेशांचे लेख एकाच पुस्तकात आले, कारण ते लेख कोरणाऱ्यांच्या दृष्टीनं मुलूख सलगच होता. कोल्हापूरचे शिलाहार राजे शिलालेख मोठ्या प्रमाणावर कन्नडमध्ये कोरवत. समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी जैन समाजाचा पाहणीवजा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढं शाहू संशोधन केंद्राचं कामही त्यांनी सांभाळलं. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतले शेतकरी जैन, त्यांचे मठ, त्यांच्या सोयरिकी हे सगळं मराठी-कन्नड अशा दोन कप्प्यांत बसत नाही. नांदणीच्या मठाला मानणारी गावं सातशेहून जास्त सांगतात आणि ती दोन्ही राज्यांत आहेत.

अमेरिकेतल्या ॲन फेल्डहाउस यांचं पुस्तकही मॅडमनीच हातात दिलं. त्या मराठी शिकल्या, इथल्या यात्रांबरोबर हिंडल्या, नद्यांच्या काठानं फिरल्या, आणि २००३ मध्ये त्यांनी मांडलं की प्रदेश घडतो तो माणसांनी ठिकाणं एकमेकांना जोडल्यामुळं: यात्रेनं, पालखीनं, नदीच्या पाण्यानं, देवीच्या बहिणी-बहिणींच्या गोष्टींनी. वाचताना मला आमच्या आळीतल्या बायका आठवल्या. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जायला कोल्हापुरातून एसटीच्या गाड्या भरभरून निघतात. डोंगरावरून परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते आणि तेव्हाच ती यात्रा पुरी होते. म्हणजे एका यात्रेचा एक पाय धारवाडच्या बाजूला आणि दुसरा कोल्हापूरच्या ओढ्यावर. कोल्हापुरी चपलेचंही तसंच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिकडचे चार. नाव कोल्हापूरचं, पण कातडं कमावणारे आणि टाके घालणारे हात दोन्हीकडचे. सरकारदरबारी दोन राज्यांनी मिळून हे मान्य केलं, याचं मला मनापासून बरं वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पुस्तकातला प्रदेश आणि बसच्या खिडकीतला प्रदेश यांत अंतर असतं, आणि ते तिकिटापासून सुरू होतं. २०२३ च्या मार्चपासून आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पण ते राज्याच्या हद्दीपुरतं. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटकानं आपल्या राज्यातल्या बायकांना सरकारी बस फुकट केली, तीही त्यांच्या हद्दीपुरती आणि त्यांच्या ओळखपत्रावर. त्यामुळं दूधगंगेच्या पुलाच्या अलीकडं माझं अर्धं तिकीट, पलीकडं पूर्ण. शेजारी बसलेली बाई माझ्यासारखीच पिशवी घेऊन, माझ्यासारखंच अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलत, फुकट चाललेली. सरहद्द मला कुठल्याही फलकापेक्षा त्या तिकिटात जास्त कळली.

पहिल्या अंगणात गेले तेव्हा माझ्याकडं प्रश्नावली होती. वय, शिक्षण, जात, मातृभाषा, असे रकाने. मातृभाषेच्या रकान्याशी बायका अडायच्या. एकीनं विचारलं, "आईची सांगू का माझी?" तिची आई मराठी, ती स्वतः वाढली आजोळी कन्नडमध्ये, दिली मराठी घरात, आता सूनबाई पुन्हा कन्नड. मी रकाना कोरा ठेवला आणि मागच्या बाजूला तिचं सगळं बोलणं लिहून घेतलं. नंतर नंतर मी कागद पिशवीतच ठेवायला लागले. गेल्यावर मला विचारलं जायचं ते एकच, मी कुणाची. आज्जीच्या माहेरचं नाव सांगितलं की चटई यायची, चहा यायचा, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "हिच्या आज्जीची चुलती आमच्या वाड्यात दिली हुती." इथल्या क्षेत्रकार्यात ओळखपत्राचं काम सोयरीक करते.

गाणी सुरू झाली की मी गप्प बसायची. हे मॅडमनी बजावून सांगितलं होतं: मधे विचारू नको, अर्थ नंतर. आमच्या पिढीला वाटतं जात्यावरची ओवी संपली, कारण जाती संपली. तसं नाही. जातं उखळासारखं अंगणात पडलेलं असतं, दळण गिरणीवर जातं, पण गाणं हाताच्या लयीत राहिलेलं असतं. एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडताना म्हणायला लागली आणि थांबेचना. कन्नडमध्ये दळणाच्या गाण्याला 'बीसुकल्लिन पद' म्हणतात. तीन चरणांची बांधणी. आमची ओवी साडेतीन चरणांची. शेजारी शेजारी बसून ऐकलं की एकीच्या ठेक्यात दुसरी कशी सहज शिरते ते कानालाच कळतं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'साठी ओव्या गोळा केल्या. विजापूरकडं हलसंगीच्या मित्रमंडळानं साधारण त्याच पिढीत कन्नड बायकांची गाणी जमवली. नंतर हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी लाखाच्या वर ओव्या नोंदवल्या. एवढी मोठी कामं झाली, पण आमच्या काठासारख्या ठिकाणी, जिथं एकच बाई दोन भाषांत गाते, तिची दोन्ही गाणी एकत्र कुठं ठेवायची?

मला भेटलेल्या बायकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कन्नड माहेरच्या बायका भावाची, मुऱ्हाळ्याची, आईच्या अंगणाची गाणी कन्नडमध्ये म्हणतात आणि पाळणे, बारसं, नातवंडांची कौतुकं मराठीत. मराठी माहेरची बाई नदीपलीकडं दिलेली असेल तर हे नेमकं उलटं. लग्नाच्या गाण्यांत तर वरातीच्या वाटेवर कुठंतरी भाषा बदलते. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मॅडमनी मात्र सावध केलं: "थोड्या बायकांवरून मोठा सिद्धांत उभा करू नको. जे ऐकलंस ते नीट लिही, कुणाकडून ऐकलंस ते लिही." प्रबंधात मी तेवढंच लिहिलं. इथंही तेवढंच लिहिते.

एका म्हाताऱ्या बाईनं मला एक गाणं म्हणून दाखवलं आणि म्हणून झाल्यावर माझा मोबाईल हातात घेतला. तिला तो चालवता येत नव्हता. "ह्यातनं हे पुसायचं कसं?" तिनं विचारलं. गाणं तिच्या थोरल्या बहिणीचं होतं, सासरी फार सोसून गेलेल्या. बहीण दळताना ते म्हणायची आणि हिनं ते भिंतीआडून ऐकून पाठ केलं होतं. "तुला ऐकवलं, कारण तू सदलग्याकडची. कालेजात नगं." मी तिच्यासमोर ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. प्रकल्पाच्या दृष्टीनं ते माझ्या हाती आलेलं सगळ्यांत मोलाचं गाणं होतं. त्याच्यात दोन्ही भाषा एका ओळीत येत होत्या. पुसताना माझा हात अडला नाही. संशोधन म्हणजे जे मिळेल ते घेऊन येणं नव्हे, हे कुणी शिकवलं असतं तर मी वहीत उतरवलं असतं. तिनं ते माझ्याकडून करवून घेतलं.

लिहून काढण्याचं काम सगळ्यांत किचकट. थोड्या वेळाचं गाणं उतरवायला अख्खी संध्याकाळ जाते. त्यात मी कन्नड गाणी देवनागरीत लिहायचं ठरवलं होतं, कारण परीक्षक मराठीचे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही रूपं आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत ते नाहीत. 'देणं' आणि 'शिंग' असे दोन वेगळे शब्द माझ्या वहीत एकसारखे दिसायला लागले. शेवटी देवनागरीतली ऱ्हस्व ऎ आणि ऒ ही कमी वापरातली चिन्हं घेतली आणि प्रत्येक गाण्याखाली मूळ कन्नड लिपीही दिली. ध्वनिमुद्रणं मी आज्जीला ऐकवायची. ती चुका काढायची, माझ्याही आणि गाणाऱ्या बाईच्याही. "काय लिवतीयास गं एवढं?" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी आपणच विचारायची, "ती कालची कुठवर आली?"

सीमाप्रश्नाविषयी न लिहिता हे संपवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटेल. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी माणसाची वेदना खरी आहे. आपल्या भाषेत शाळा, आपल्या भाषेत सातबारा मागणं यात वावगं काही नाही. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि माणसं अजून वाट बघताहेत. मी कन्नड शिकतेय म्हटल्यावर एका ओळखीच्या काकांनी दुखावून विचारलं होतं, "म्हणजे तू त्यांच्याकडनं?" मी त्यांना आज्जीचं सांगितलं. मला त्यांचं दुखणं कमी लेखायचं नव्हतं. पण बेळगावातल्या मराठी आज्जीची भाषा तिच्या नातवंडांनी टिकवावी असं ज्याला वाटतं, त्याला शिरोळातल्या कन्नड आज्जीच्या नातीनं तिची भाषा शिकावी हेही वाटायला हवं. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी आपल्या लहानपणीच्या एका कन्नड मास्तरांची आठवण सांगितली. ती मी त्यांच्या परवानगीनं प्रबंधाच्या परिशिष्टात घातली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "निम्मी गाणी कन्नड आहेत. हा मराठीचा प्रकल्प कसा?" प्रश्न रास्त होता आणि त्यांनी तो आपुलकीनं विचारला होता. मी खिद्रापूरचं उदाहरण दिलं. आमच्याच तालुक्यात, कृष्णेच्या काठी शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ आहे. तिथं कन्नड शिलालेख आहेत आणि यादव राजा सिंघणाचा देवनागरीतला संस्कृत लेखही आहे. त्यांतला एकच वाचणाऱ्याला देऊळ निम्मंच कळेल. मग 'कुवलयमाला'चं सांगितलं, उपाध्यांचं सांगितलं. परीक्षक म्हणाले, "उपाध्ये सदलग्याचे हे मला माहीत नव्हतं," आणि पुढची सगळी वेळ आम्ही गाण्यांवर बोललो.

आता मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन वेळेवर येत नाही. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही ते जूनमध्ये कळतं. शिकलेल्या मुलीनं हे किती दिवस करायचं, असं घरात विचारलं जातं, आणि तो प्रश्नही रास्तच आहे. तरी एवढं नक्की म्हणेन की कोल्हापुरात मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या प्रत्येकाला एक वर्ष तरी कन्नड शिकायला मिळालं पाहिजे. साहित्य वाचण्याइतकं नाही आलं तरी चालेल. शिलालेखाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवता यावं, अंगणात बसलेल्या बाईला उत्तर देता यावं. राजाराम कॉलेजात एके काळी अर्धमागधी आणि कन्नड शिकवणारी माणसं एकाच छताखाली होती. ते पुन्हा होऊ शकतं. त्यासाठी इमारत लागत नाही, एक शिक्षक आणि वेळापत्रकातला एक तास लागतो.

माझ्यापुरतं मी ते सुरू केलं आहे. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर थोडी मुलं थांबतात. त्यातल्या दोघी मुली घरात कन्नड ऐकत वाढलेल्या, बाकीच्यांना नुसती उत्सुकता. फळ्यावर जोडाक्षर आलं की मी ते पायाशी लोंबतं लिहून दाखवते, आणि कुणी कारण विचारलं तर आज्जीसारखंच म्हणते, आसंच असतंय, बघ की. मग कारणही सांगते, कारण ते आता मला येतं. गाण्यांसाठी दत्तवाड, घोसरवाड, दानवाड ही अलीकडची गावं हिंडून झाली आहेत. पलीकडचं बोरगाव आणि एकसंबा राहिलंय. दिवाळीच्या सुट्टीत त्या दोन मुलींना बरोबर घेऊन जायचं ठरलंय. त्यांच्या आज्ज्यांनी तिथल्या घरांची नावं लिहून दिली आहेत. एकीनं मराठीत, एकीनं कन्नडमध्ये.